कोड्याचं वय कसं ओळखायचं? छापखाना, तार आणि संगणक यांवरची कोडी-कोट्या

अक्षरवेल (धागाकर्ती)

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं परवा मला एक इंग्रजी कोडं घातलं. काळं असतं, पांढरं असतं आणि सगळीकडे 'रेड' असतं, ते काय? मी लाल वस्तू आठवत बसले. उत्तर होतं वर्तमानपत्र. 'रेड' म्हणजे लाल आणि 'रेड' म्हणजेच वाचलेलं. उच्चार एक, स्पेलिंग वेगळं. उत्तर सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला की हे कोडं मराठीत आणायचंच असं मी ठरवलं. खूप खटपट केली, पण लाल आणि वाचलेलं हे दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द आपल्याकडे नाही.

त्या खटपटीत एक गोष्ट मात्र लक्षात आली. हे कोडं वर्तमानपत्राबद्दलचं आहे आणि नेमकं छापलं की ते मरतं. छापताना दोनपैकी एक स्पेलिंग निवडावंच लागतं. लाल रंगाचं निवडलं तर ऐकणाऱ्याला मिळणारा दुसरा अर्थ वाचणाऱ्याच्या हातून जातो, वाचलेल्याचं निवडलं तर उत्तर उघडं पडतं. म्हणजे छापील माध्यमावरचं इतकं प्रसिद्ध कोडं जगलं ते तोंडातोंडी. अमेरिकेतल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात ते पुन्हा पुन्हा नोंदवलं आणि मॅक बॅरिक यांनी १९७४ साली 'जर्नल ऑफ अमेरिकन फोकलोर'मध्ये या एका कोड्यावर आख्खा लेख लिहिला. कोडं सगळ्यांना पाठ झालं तेव्हा मुलांनी उत्तरच बदललं: लाजून लाल झालेला झेब्रा! वर्तमानपत्र म्हणणाऱ्याची फजिती करायला नवं उत्तर. मला हे फार आवडतं.

तेव्हापासून मी अशा कोड्यांची आणि शाब्दिक कोट्यांची मुळं शोधते आहे. माझ्यापुरता एक नियमही हाती लागलाय. कोडं ज्या गोष्टीवर उभं असतं, त्या गोष्टीआधी ते जन्मू शकत नाही. ऐकायला साधं आहे, पण भल्याभल्या कहाण्या या चाळणीतून खाली उतरत नाहीत.

'पेक्काव्ही'चीच गोष्ट घ्या. १८४३ मध्ये सर चार्ल्स नेपियर यांनी सिंध जिंकला आणि लंडनला एका शब्दाची तार केली, 'पेक्काव्ही', असं सांगतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी पाप केलं', इंग्रजीत 'आय हॅव सिन्ड', आणि कानाला ऐकू येतं 'माझ्याकडे सिंध आहे'. अप्रतिम श्लेष आहे. पण तारखा लावून बघा. सिंधमधली मियाणीची लढाई फेब्रुवारी १८४३ ची. मोर्सनं अमेरिकेत वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनं पहिला अधिकृत संदेश पाठवला तो २४ मे १८४४ रोजी. भारतात कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची पहिली लाइन सुरू झाली १८५१ मध्ये, आणि भारत-युरोप जोडणी झाली १८६५ मध्ये. नेपियर तार करणार कुठून?

खरी गोष्ट कहाणीपेक्षा सुंदर आहे. ही कोटी कॅथरिन विंकवर्थ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीला सुचली. तिनं ती 'पंच' या विनोदी साप्ताहिकाकडे पाठवली आणि १८ मे १८४४ च्या अंकात ती छापून आली, मोर्सच्या संदेशाच्या सहा दिवस आधी. पुढे हीच मुलगी जर्मन प्रार्थनागीतांची अनुवादक म्हणून नावाजली गेली. श्रेय मात्र जिंकणाऱ्या सेनापतीकडे गेलं. 'तार' हा तपशील मागाहून चिकटला असणार. तारेला शब्दागणिक पैसे पडत, तेव्हा एका शब्दाची बातमी म्हटली की लोकांना ती तारेचीच वाटणार.

तुमच्याकडे अशी कोडी, कोट्या असतील तर इथे लिहा. नुसती नको, ती कशावर उभी आहे तेही सांगा.


शून्यएक

धागा फार आवडला. आमच्या संगणकाच्या क्षेत्रातलं माझं सर्वांत लाडकं कोडं देतो. प्रोग्रॅमर लोकांचा ३१ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर यांत गोंधळ का होतो? कारण ऑक्ट ३१ म्हणजेच डेक २५.

'ऑक्ट' हे ऑक्टल पद्धतीचं संक्षिप्त रूप, म्हणजे आठच्या पायावरची मोजणी. त्यात ३१ म्हणजे तीन अठ्ठे चोवीस अधिक एक, पंचवीस. 'डेक' म्हणजे डेसिमल, आपली रोजची दशमान पद्धत. इंग्रजीत हीच दोन रूपं महिन्यांचीही आहेत.

बहुतेकांना हा निव्वळ योगायोग वाटतो. तो नाही. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर आठवा आणि डिसेंबर दहावा. महिन्यांच्या नावांत आणि मोजणीच्या नावांत तेच लॅटिन आठ आणि दहा बसलेले आहेत. कोडं संगणकाच्या काळातलं, पण त्याचा पाया दोन हजार वर्षांपेक्षा जुना. अक्षरवेल, तुमचा नियम इथे नीट लागू होतो. ऑक्टल रोजच्या वापरात असल्याशिवाय हे कोणाला सुचणार नाही. १९६५ च्या पीडीपी-८ सारख्या बारा बिटांच्या यंत्रांवर माणसं दिवसभर ऑक्टलमध्ये आकडे वाचत. आज ते मुख्यतः युनिक्सच्या फाइल परवानग्यांत उरलं आहे, ७५५ वगैरे.

आणि हो, देवनागरीत हे कोडं अर्धं तुटतं. ऑक्टोबर आणि ऑक्टल जुळतात, पण आपण डिसेंबर म्हणतो आणि डेसिमल म्हणतो.

याच्या जोडीला दुसरं: जगात १० प्रकारची माणसं असतात, ज्यांना बायनरी कळते ती आणि ज्यांना कळत नाही ती. बायनरी म्हणजे दोनच्या पायावरची मोजणी, तिच्यातला १० म्हणजे दोन. हे मराठीत जसंच्या तसं येतं, फक्त लिहिलेलं हवं. मोठ्यानं वाचून 'दहा' म्हटलंत की संपलं. तुमचं वर्तमानपत्राचं कोडं कागदावर मरतं, हे जिभेवर.


टिचकी

संगणकातल्या चुकीला 'बग' का म्हणतात, ती गोष्ट इथे हवीच. १९४५ साली संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या संगणकात एक पतंग, दिव्याभोवती फिरतो तो किडा, अडकला, यंत्र बंद पडलं, त्यांनी तो चिमट्यानं काढला आणि तेव्हापासून चुकीला बग म्हणजे किडा म्हणू लागले. आमच्या सरांनी वर्गात सांगितली होती, इतकी वर्षं झाली तरी लक्षात आहे.


नोंदवही

टिचकी, गोष्ट छान आहे आणि तिच्यातला पतंग खरा आहे. पण अक्षरवेल यांची चाळणी लावायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तारीख ९ सप्टेंबर १९४७. यंत्र हार्वर्ड मार्क टू. दुपारी पावणेचारला पॅनेल एफमधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग सापडला. त्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी तो कामाच्या वहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी नोंद केली, तिचा अर्थ असा: 'बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिली घटना'. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे, पतंगासकट. ग्रेस हॉपर त्या गटात होत्या. पतंग त्यांनी काढला नव्हता, पण गोष्ट जगभर नेली ती त्यांनीच, आपल्या भाषणांतून.

आता त्या नोंदीतला 'प्रत्यक्ष' हा शब्द बघा. यंत्रातल्या दोषाला आधीपासून बग म्हणत नसते तर 'प्रत्यक्ष' बग सापडल्याचं अप्रूप कशाला वाटलं असतं? ती नोंद शब्दाचा जन्म नाही, ती शब्दावरची कोटी आहे. लिहिणाऱ्याला जुना शब्द ठाऊक होता आणि खरा किडा हातात आल्यावर त्याला गंमत वाटली. एडिसननं १८७८ साली पत्रात आपल्या शोधांमधल्या बारीकसारीक अडचणींना 'बग' म्हटलं आहे, आणि तेव्हाही तो शब्द त्याच्या भोवतालच्या लोकांत रुळलेला होता. म्हणजे पतंगाच्या जवळपास सत्तर वर्षं आधी.

असं फार वेळा घडतं. कोटी इतकी चपखल बसते की लोक तिलाच उगम समजतात.


टिचकी

वाचून काटा आला अंगावर. 'प्रत्यक्ष' या एका शब्दावर सगळं फिरतं हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. सरांच्या गोष्टीपेक्षा ही जास्त आवडली.

मग माझ्याकडचं दुसरं कोडंही चाळणीत टाकते. इंग्रजी कळफलकाच्या अक्षरांच्या फक्त वरच्या ओळीत टाइप होणारा दहा अक्षरी शब्द कोणता? उत्तर: 'टाइपरायटर'. करून पाहिलं, खरंच होतं. विक्रेत्यांना ग्राहकासमोर हा शब्द झटपट टाइप करून दाखवता यावा म्हणून मुद्दाम तशी अक्षरं लावली, असं म्हणतात.


नोंदवही

शब्द बसतो हे खरं. हे यंत्र क्रिस्टोफर शोल्सचं, बाजारात आलं १८७४ मध्ये, रेमिंग्टनकडून. विक्रेत्यांसाठी मुद्दाम रचना केल्याला मात्र त्या काळचा पुरावा नाही. कोडं घडायला पुरावा लागत नाही, वरच्या ओळीत ती अक्षरं असली की पुरे.


जुळारी

मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस. शिशाचे खिळे, लाकडी केस, हातात ओळ जुळवायची पट्टी, स्टिक. तुम्ही सगळे इंग्रजी कोट्यांबद्दल लिहिताय म्हणून छपाईतले दोन-तीन शब्द सांगतो, हे कोणाच्या फारसे लक्षात येत नाहीत.

इंग्रजीत मोठ्या अक्षरांना 'अपर केस' आणि लहान अक्षरांना 'लोअर केस' म्हणतात. केस म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी. दोन पेट्या उतरत्या चौकटीवर एकीवर एक मांडत. वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. पेट्या गेल्या, खिळे गेले, चौकटी भंगारात गेल्या, पण मोबाइलवर पासवर्ड मागताना आजही यंत्र त्या वरच्या पेटीची आठवण काढतं.

दुसरं, 'स्टिरिओटाइप' आणि 'क्लिशे'. दोन्ही शब्द एकाच वस्तूचे. जुळवलेल्या मजकुराचा साचा घेऊन त्यातून आख्खं पान एकसंध पत्र्यासारखं ओतायचं, म्हणजे पुन्हा छापायला पुन्हा खिळे जुळवायला नकोत. ते पान म्हणजे स्टिरिओटाइप. फ्रेंच कारागीर त्यालाच क्लिशे म्हणत. ओतताना होणाऱ्या आवाजावरून तो शब्द आला असं मानतात. तेच तेच वाक्य वापरणाऱ्याला पुढे क्लिशे चिकटलं आणि माणसांबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींना स्टिरिओटाइप. आपण 'साचेबद्ध' म्हणतो. साचा तोच.

मराठीत छापखान्यानं दिलेली कोटी म्हणाल तर 'छापा'. मजकुराचा छापा, नाण्याचा छापा आणि पोलिसांचा छापा. 'छापखान्यावर छापा' हा मथळा कोणाला सुचला नसेल असं होणार नाही. आणि 'अंक'! मासिकाचा अंक, गणितातला अंक, नाटकाचा अंक. चौथा अर्थ मांडी. एका शब्दात केवढी जागा.


शून्यएक

काका, छाप्याबद्दल मनापासून आभार. आता आमच्या बाजूच्या काही पटापट सांगतो.

'मल्टिक्स' नावाची अवाढव्य संगणकप्रणाली होती. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली छोटी प्रणाली लिहायला घेतली, तिचं नाव 'युनिक्स'. मल्टी म्हणजे अनेक, युनि म्हणजे एक. हे नाव ब्रायन कर्निहन यांनी सुचवलं असं मानतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात 'ग्नू' जाहीर केलं. त्याचं पूर्ण रूप 'ग्नूज नॉट युनिक्स', म्हणजे नावाच्या पोटात तेच नाव, उलगडत बसा. लांब मजकूर पानापानानं दाखवणारा 'मोर' नावाचा प्रोग्रॅम होता, तो पुढेच जायचा. मागेही जाणारा आला, त्याचं नाव 'लेस'. कमी म्हणजेच जास्त!

'बाइट'बद्दल मात्र थोडं थांबतो. 'बिट' हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या लेखात आला. त्यांनी श्रेय जॉन ट्युकी यांना दिलं. १९५६ साली आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्त्स यांनी बिटांच्या गटाला 'बाइट' म्हटलं, म्हणजे चावा, घास. पण स्पेलिंग मुद्दाम बदललं, कारण मूळ स्पेलिंगातलं शेवटचं अक्षर लिहिताना गळलं की त्याचा 'बिट' झाला असता. कानाला कोटी ठेवली आणि डोळ्याची चूक टाळली. पुढे अर्ध्या बाइटला 'निबल' म्हणू लागले, म्हणजे कुरतडणं.


पाऊलवाट

'वाय-फाय'चं पूर्ण रूप विचारणाऱ्या प्रश्नमंजूषा बघून मला वाईट वाटतं, कारण पूर्ण रूप नाहीच. १९९९ मध्ये इंटरब्रँड या नावं घडवणाऱ्या कंपनीनं ते 'हाय-फाय'शी यमक जुळवून दिलं. 'वायरलेस फिडेलिटी' हे शब्द घोषवाक्यात मागाहून आले आणि लोकांनी तेच मूळ धरलं. हायफाय संगीतसंच आता कोणाकडे फारसे नाहीत, त्यामुळे यमक हरवलं आणि कोडं उरलं. 'ब्लूटूथ' उलट, तिथे खरंच एक राजा आहे. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा हॅराल्ड ब्लूटूथ. इंटेलच्या जिम कार्डाक यांनी ते तात्पुरतं नाव म्हणून सुचवलं होतं. त्या राजानं माणसं जोडली, हे यंत्रं जोडेल.

माध्यमांवरची कोटी म्हणाल तर माध्यमांचे अभ्यासक मार्शल मॅक्लुहन. 'मीडियम इज द मेसेज', माध्यम हाच संदेश, हे त्यांचं १९६४ चं वाक्य. १९६७ च्या पुस्तकाचं नाव मात्र 'मीडियम इज द मसाज' असं आहे. त्यांच्या मुलानं सांगितलं आहे की ती जुळाऱ्याकडून झालेली चूक होती आणि वडिलांनी ती बघताच तशीच ठेवायला सांगितली. मेसेज, मसाज, आणि तोडून वाचलं तर 'मास एज', म्हणजे जनसमूहाचं युग. आपल्या व्याकरणात याला सभंग श्लेष म्हणतात.

एक शंका. अक्षरवेल यांच्या नियमाला अपवाद आहे असं मला वाटतं. १ एप्रिल १९९० ला डेव्हिड वेट्झमन यांनी आरएफसी ११४९ लिहिलं, इंटरनेटचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, कबुतरांच्या पायाला बांधून पाठवण्याचं तांत्रिक मानक. ती थट्टा होती. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सप्रेमींनी ते खरोखर करून दाखवलं. नऊ पॅकेट पाठवले, चारांची उत्तरं आली. इथे विनोद आधी आणि वस्तू नंतर. मग?


अक्षरवेल

शंका अगदी रास्त आहे, मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं नियम टिकतो. ती थट्टा कबुतरी इंटरनेटवर उभी नव्हती. ती उभी होती कबुतरी टपाल आणि इंटरनेटचे गंभीर मानक-दस्तऐवज या दोन्हींवर, आणि १९९० मध्ये दोन्ही होते. पण तुमच्यामुळे माझं वाक्य सुधारलं. कोडं ज्याच्यावर उभं आहे ते आधी लागतं. कोडं ज्याच्याकडे बोट दाखवतं ते नंतर आलं तरी चालतं.

'स्पॅम'चंही तसंच. न मागता शेकडो जणांना पाठवलेली जाहिरातीची ईमेल ३ मे १९७८ ला गेली, पण तेव्हा तिला स्पॅम म्हणत नव्हते. एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत १९७० साली तो शब्द इतक्या वेळा घोकला गेला की बाकीचं बोलणं बुडालं, आणि त्यावरून तो नेटवर आला. वस्तू जुनी, नाव उशिरा.


पोथीपान

सगळे संगणकापर्यंत आला आहात, मी उलटी मागे जाते.

माध्यमावरचं मला माहीत असलेलं एक अतिशय जुनं कोडं इटलीतल्या व्हेरोनाच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात आहे. आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास कोणा लेखनिकानं समासात लिहिलेलं, १९२४ मध्ये अभ्यासकांच्या नजरेला पडलं. भावार्थ असा: बैल पुढे घातले, पांढरी शेतं नांगरली, पांढरा नांगर धरला, काळं बी पेरलं. बैल म्हणजे बोटं, शेत म्हणजे चर्मपत्र, नांगर म्हणजे पिसाची लेखणी, बी म्हणजे शाई. उच्चाराचा खेळ नाही, म्हणून कुठल्याही भाषेत चालतं. मराठीत तर आपलंच वाटतं. लॅटिन मोडून इटालियन घडत असतानाची भाषा त्यात पकडली गेली आहे, म्हणून भाषाशास्त्रज्ञांना त्याचं मोल फार.

आणि नोंदवही, तुमच्या पतंगासाठी एक भेट. सिम्फोसियस नावाच्या लॅटिन कवीची शंभर कोडी आहेत, प्रत्येक तीन ओळींचं. त्यातलं एक असं: अक्षरांवर मी पोसले, पण अक्षर म्हणजे काय ते कळलं नाही. पुस्तकांत राहिले, पण शहाणी झाले नाही. उत्तर, पुस्तकं खाणारी अळी. दहाव्या शतकातल्या 'एक्झिटर बुक' या जुन्या इंग्रजी हस्तलिखितात तेच कोडं पुन्हा येतं, तिथे पतंग शब्द खातो आणि गिळलेल्या शब्दांनी तसूभरही शहाणा होत नाही. म्हणजे १९४७ च्या वहीत चिकटलेल्या पतंगाआधी हजार वर्षं एक पतंग माध्यमात शिरलेलाच होता.


जुळारी

पोथीपान, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्याकडे कागदाच्या रिमांना तो किडा लागायचा. त्याचं मराठी नाव आठवलं आणि बसल्या जागी एक कोडं जुळून आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, हे माझं आहे.

पोथीत राहते, अक्षर खाते, शिकत काही नाही.
हिशेबात राहते, डोळ्यां न दिसते, भरल्यावाचून जात नाही.

उत्तर सांगत नाही.


टिचकी

वाळवी? पण हिशेबात वाळवी कशी येणार.


शून्यएक

दुसरी ओळ 'चूक' म्हणते आहे, पहिली बसत नाही.


पोथीपान

कसर!

पुस्तकाला लागते ती कसर आणि भरून काढायची तीही कसर. तूट या अर्थाचा शब्द अरबी 'कस्र'कडे जातो, म्हणजे मोडणं, अपूर्णांक. दोन शब्दांचे उच्चार मराठीत एकमेकांवर येऊन बसले.


नोंदवही

थांबा, थांबा. किडा आणि उणीव, एकाच शब्दात. इंग्रजीत 'बग'ला हे दोन अर्थ यंत्रांच्या काळात जोडून घ्यावे लागले. आपल्याकडे ते आधीपासून शेजारी बसलेले होते. प्रोग्रॅममध्ये कसर राहिली, कसर काढली. काहीही नवं घडवायला नको.


शून्यएक

उद्यापासून मी माझ्या चुकांच्या यादीचं नाव 'कसर' ठेवतो आहे. खरंच.


अक्षरवेल

काका, कोडं भाचीला घातलं. तिला 'कसर' हा शब्दच माहीत नव्हता, त्यामुळे आधी कपाटातलं एक जुनं, कडा कुरतडलेलं पुस्तक काढून दाखवावं लागलं आणि मग गृहपाठाच्या वहीतली राहून गेलेली दोन गणितं. दोन्ही पाहून झाल्यावर तिनं कोडं पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. विचारत होती, ज्यांनी केलं त्यांचं नाव खाली काय लिहू. मी 'जुळारी' सांगितलं आहे, चालेल ना?